आधी कहाणी, मग पियानो

धैवत_कोमल (धागाकर्ता)

कॅम्पात मझदा हॉलला पियानोचा कार्यक्रम असला की जमेल तसा जातो. मध्यंतरात लोक काय बोलतात ते कान देऊन ऐकायची मला खोड आहे. कार्यक्रमपत्रिकेत वादकाला लावलेली विशेषणं चहाच्या रांगेत जशीच्या तशी परत ऐकू येतात. छापलंय 'चिंतनशील', तर सगळ्यांना वादन चिंतनशील वाटलेलं असतं. छापलंय 'झंझावाती', तर झंझावाती. डावा हात जड पडत होता, पेडल जास्त वेळ दाबून ठेवल्यामुळे बाखचे स्वर एकमेकांना चिकटत होते, असलं कुणी बोलत नाही. बोलणार कसं? पत्रिकेत ते नव्हतं.

जाहिरातीमुळे सुमार वादक थोर वाटायला लागतो ही तक्रार जुनी आहे, आणि मला ती अर्धवट वाटते. मोठ्या मंचापर्यंत पोचणारा जवळजवळ प्रत्येक जण भयंकर चांगलं वाजवतो. खरी गोम त्यानंतरची आहे. सगळेच चांगले असले की उरतात ते बारीक फरक, आणि ते एकट्या कानाने ठरवायचा धीर आपल्याला होत नाही. मग वादकाची कहाणी मदतीला येते. काय ऐकायचं हे ती आधीच सांगून ठेवते आणि आपण नेमकं तेच ऐकून घरी येतो.

जॉइस हॅटो प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. हॅटोबाई इंग्लंडच्या, जन्म १९२८. सत्तरच्या दशकात त्यांनी जाहीर कार्यक्रम थांबवले. मग अगदी उतारवयात त्यांच्या नावाने एकामागून एक सीडी यायला लागल्या. शंभराच्या वर! फ्रान्झ लिस्ट, शोपँ, रखमानिनॉव, आणि भलेभले वादक ज्याच्या रचनांना हात लावत नाहीत तो गोदोव्स्कीसुद्धा. छोटी कंपनी नवऱ्याचीच. सोबत कहाणी अशी की बाई कर्करोगाशी झुंजत घरच्या छोट्या स्टुडिओत हे सगळं वाजवताहेत. इंटरनेटवरच्या पियानोवेड्यांनी आधी उचलून धरलं, मग समीक्षकांनी. बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात तर त्यांचं वर्णन 'जवळजवळ कुणीच न ऐकलेल्या, पण हयात असलेल्यांत सर्वांत थोर पियानोवादक' अशा अर्थाचं आलं. २००६ मध्ये बाई गेल्या.

फेब्रुवारी २००७. एका श्रोत्याने हॅटोंची लिस्टच्या एत्यूदची (तंत्राचा कस लावणाऱ्या रचनांची) सीडी संगणकात घातली आणि आयट्यून्सने नाव दाखवलं लास्लो सिमॉन या दुसऱ्याच वादकाचं. 'ग्रामोफोन' मासिकाने ध्वनितज्ज्ञाकडून तपासून घेतलं. ध्वनीचे आलेख तंतोतंत जुळले. मग एकेक सीडी उघडी पडत गेली. रखमानिनॉवचे कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचना) येफिम ब्रॉन्फमनचे, गोदोव्स्की कार्लो ग्रांतेचा. ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी वेग किंचित कमीजास्त केलेला. 'रेने कोहलर' नावाचा वाद्यवृंद-संचालक तर चरित्रासकट काल्पनिक निघाला. नवऱ्याने शेवटी कबुली दिली.

आता मुद्द्याचं. ब्रॉन्फमनच्या रखमानिनॉवला पूर्वी बेताचे गुण देणाऱ्या एका नामवंत समीक्षकाने तेच ध्वनिमुद्रण हॅटोंच्या नावाने आल्यावर भरभरून वाखाणलं. एकही स्वर बदललेला नव्हता. बदलला तो फक्त वेष्टनावरचा माणूस.

या समीक्षकांना हसणं सोपं आहे, पण ते बहिरे नव्हते. त्यांनी वाखाणलेलं वादन खरोखरच उत्तम होतं, वाजवणारे दुसरे होते इतकंच. म्हणजे कान बरोबर होता आणि मत तरीही कहाणीचं होतं. तुम्हाला काय वाटतं? स्वतःचे अनुभवही लिहा.

पेठेतला_पारवा

लेख आवडला, पण एवढं लांब इंग्लंडला कशाला जायचं? आपल्याकडे सवाईत निम्मा मंडप गायक बसायच्या आधीच 'काय गातो राव' म्हणून मोकळा झालेला असतो. उरलेला निम्मा खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर असतो, त्यामुळे तो निःपक्षपाती.

आणि प्रसिद्धी टाळणं ही सर्वांत जालीम प्रसिद्धी, हेही लिहायला हवं होतं. अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन सोडलं. त्यांचं सूरबहार समोर बसून ऐकलेली माणसं किती? पण त्यांच्या थोरवीबद्दल ठाम मत गल्लीतल्या प्रत्येकाकडे आहे. केसरबाईंचं ध्वनिमुद्रण मोजकं, त्यातलं एक तर १९७७ पासून व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेच्या बाहेर निघून गेलंय. हेवा वाटावा अशी जाहिरात, आणि बाईंनी बोटसुद्धा हलवलं नाही.

(दोघींबद्दल आदरच आहे. हलकेच घ्या.)

धैवत_कोमल

@पारवा, अगदी. पियानोत याचं उदाहरण ग्रिगोरी सोकोलोव. १९६६ ला सोळाव्या वर्षी मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकलेला माणूस. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत नाही, वाद्यवृंदाबरोबर वाजवणं सोडलं, मुलाखतींपासून लांब. परिणामी त्याच्या कार्यक्रमाला लोक देवळात जातात तसे जातात. मला तो फार आवडतो. पण त्याचा गाजावाजा नाही म्हणूनच मी त्याच्यापुढे जरा जास्त हात जोडून बसतो का, अशी शंका येते.

काळीपांढरी

मी कोथरूडला पियानो शिकवते. अनुभव लिहा म्हणालात म्हणून.

मुलं आता पुस्तकातून किंवा माझ्याकडून तुकडा शिकण्याआधी तो यूट्यूबवर बघतात. 'बघतात' हे मुद्दाम लिहिलं. लांग लांग या चिनी पियानोवादकाची मान मागे जाते, डोळे मिटतात, एक हात हवेत तरंगतो. हे सगळं मुलांना स्वरांच्या आधी पाठ होतं. बोटं अजून सरळ पडत नाहीत आणि मनगट मात्र आकाशात! ग्रेडच्या परीक्षेत हे चालत नाही म्हटलं की पालकांचा प्रश्न: मग तो एवढा प्रसिद्ध कसा?

त्याच्याबद्दल एवढं सांगते की तो उगाच वर आलेला नाही. १९९९ मध्ये शिकागोजवळच्या राविनिया महोत्सवात आंद्रे वॉट्स आजारी पडले, आयत्या वेळी या सतरा वर्षांच्या मुलाला बसवलं आणि त्याने चायकोव्स्कीचा पहिला कॉन्चेर्टो वाजवून सगळ्यांना गार केलं. नंतर बीजिंग ऑलिंपिक, जाहिराती, बूट, घड्याळं. प्रसिद्धी वाढली तसे त्याचे हातवारे वाढले की उलट झालं, मला ठरवता येत नाही.

बघण्यावरून आठवलं. चिया-जुंग त्साय यांचा २०१३ चा प्रयोग आहे. मोठ्या पियानो स्पर्धांतल्या पहिल्या तिघांच्या छोट्या चित्रफिती लोकांना दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना नुसता आवाज, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र. चित्रवाले जास्त बरोबर आले! आवाजवाल्यांना डोळे मिटून बोट ठेवण्याइतकंही साधलं नाही. गंमत म्हणजे आपण आवाजावरूनच ठरवतो, असं बहुतेकांना वाटत होतं. आणि यात संगीतातले व्यावसायिकही होते.

पेठेतला_पारवा

म्हणजे परीक्षकही बघूनच निकाल देतात असा अर्थ झाला की! इअरप्लग घालून परीक्षण करता येईल, चांगला जोडधंदा आहे.

काळीपांढरी

@पारवा, हसा तुम्ही. पण त्यातून सगळं ढोंग असतं असा अर्थ काढू नका. खांद्यातून वजन खाली येतंय की कोपरातून, श्वास कुठे घेतला, हे दिसतं आणि त्याचा आवाजाशी थेट संबंध असतो. मी मुलीच्या पाठीकडे बघून सांगू शकते की पुढचा कॉर्ड कोरडा येणार आहे.

जुना_ग्रामोफोन

वय झालेल्यांपैकी आहे, टंकायला वेळ लागतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही नोकरीच्या दिवसांत मुंबईला गेलो की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासन्‌तास घालवायचो. तिथे व्हॅन क्लायबर्नच्या चायकोव्स्कीची तबकडी पहिल्यांदा हातात आली. 'हाच तो रशियात जाऊन जिंकून आलेला' ही माहिती आम्हाला चायकोव्स्कीच्या आधी होती. त्यामागचा काळ लक्षात घ्या. ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक वर गेला, अमेरिकेची नाचक्की झाली, आणि एप्रिल १९५८ मध्ये टेक्सासचा तेवीस वर्षांचा उंच पोरगा मॉस्कोत पहिला आला. न्यूयॉर्कमध्ये कागदांची उधळण करत मिरवणूक काढली त्याची. अभिजात संगीतातल्या माणसाला असा मान तिथे दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. तबकडी दहा लाखांवर खपली.

वाजवलं होतं सुंदरच. मॉस्कोचे श्रोते तर त्याच्यासाठी वेडे झाले होते, त्यांना अमेरिकन जाहिरातीशी काय देणंघेणं? पण पुढे काय झालं बघा. लोकांना तोच चायकोव्स्की आणि तोच रखमानिनॉवचा तिसरा कॉन्चेर्टो हवा. वर्षानुवर्षं तेच. १९७८ मध्ये तो मंचावरून बाजूला झाला. प्रसिद्धी श्रोत्याचं मत घडवते असं तुम्ही म्हणता, ठीक. ती वादकाचा कार्यक्रमही ठरवून टाकते, हे मला जास्त गंभीर वाटतं. आमच्या नाट्यसंगीतवाल्यांना विचारा. फर्माईश ठरलेली असते आणि नवीन काही काढलं की श्रोते चप्पल शोधायला लागतात.

मध्यलय

जुना_ग्रामोफोन काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझं उदाहरण उलट्या बाजूचं.

१९८०, वॉर्सातली शोपँ स्पर्धा. युगोस्लाव्हियाचा ईवो पोगोरेलिच तिसऱ्या फेरीत बाहेर. परीक्षक मार्ता आर्गेरिच त्याला 'जीनियस' म्हणत परीक्षक मंडळ सोडून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून बातमी एकच: पोगोरेलिच! डॉइच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीने करार केला, देखणे फोटो छापले, सभागृहं भरली. पहिला कोण आला होता? हनोईचा डांग थाय सॉन, ती स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. किती जणांनी ऐकलंय त्याला? हात वर करा.

आता दोघांचे नॉक्टर्न, म्हणजे शोपँच्या त्या संथ छोट्या रचना, शेजारीशेजारी लावा. पोगोरेलिच ऐकताना आपण 'आता काय बंडखोरी करतो' याची वाट बघत असतो. त्याने संथ घेतलं की विचार दिसतो. डांग थाय सॉनने तेवढंच संथ घेतलं असतं तर आपण 'जरा रेंगाळलं' म्हटलं असतं. माझ्या कानाला त्याचा शोपँ अधिक मोकळा, गाता वाटतो. त्याला नुसतं बक्षीस मिळालं, कहाणी दुसऱ्याला मिळाली. पुढे त्याने शिकवण्यात जीव ओतला. २०२१ ला तीच स्पर्धा जिंकणारा ब्रूस लिऊ त्याचा शिष्य.

अवांतर: बक्षिसालाही फार किंमत देऊ नका. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेचा गिन्सबर्ग आणि व्हॅन ऑर्स या अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाजवायचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी सुरुवातीला वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळायची शक्यता कमी. आणि वरचा क्रमांक मिळाला की पुढची कारकीर्द चांगली होते. म्हणजे चिठ्ठी कुठली निघाली यावर कुणाचं तरी आयुष्य.

सई_सकाळ

मी संगीतातली नाही, फक्त ऐकते. थोडी रागावून लिहितेय.

ऑस्ट्रेलियन पियानोवादक डेव्हिड हेल्फगॉटचं नाव अजून आलं नाही, येईलच, म्हणून आधीच लिहिते. १९९६ ला त्याच्या आयुष्यावर 'शाइन' हा सिनेमा आला, जेफ्री रशला ऑस्कर मिळालं, १९९७ मध्ये हेल्फगॉट जगभर वाजवत फिरला. तिकिटं हातोहात खपली. त्याच्या रखमानिनॉवच्या सीडीने अमेरिकेतल्या अभिजात संगीताच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. आणि समीक्षकांनी त्याला सोलून काढलं: स्वर गळतात, लय सुटते, वाजवताना पुटपुटतो. वर प्रेक्षकांनाही झोडपलं, की तुम्ही संगीताला नाही, सिनेमाला टाळ्या वाजवताय.

असेनात का! मानसिक आजारातून इतकी वर्षं गेलेला माणूस परत पियानोपुढे बसतो आणि सभागृह उभं राहतं, यात लुटलं गेलं कोण? घरात असा आजार बघितलेल्या माणसाला त्या टाळ्या कशासाठी होत्या ते कळतं. तुमच्या 'शुद्ध कानाला' नाही कळणार.

धैवत_कोमल

@सई, राग पटला. टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाहीच. मला खटकतात ते त्या दौऱ्याचे आयोजक. उभं राहून टाळ्या द्यायला लोक तयार आहेत हे त्यांना माहीत होतं. त्या माणसाला काय झेपेल हा विचार कितपत झाला, ते वेगळं. त्याला झेपतील असे छोटे तुकडे देऊन लहान सभागृहात बसवता आलं असतं. पण सिनेमात रखमानिनॉवचा तिसरा होता ना, मग तोच विकायचा. काकांनी क्लायबर्नबद्दल लिहिलं तेच पुन्हा.

सई_सकाळ

हे मान्य. आयोजकांबद्दल मीही बोलले नव्हते.

काळीपांढरी

मलाही थोडं रागवायचंय, वेगळ्या कारणाने. २०११ मध्ये यूजा वांगने हॉलिवुड बोलमध्ये रखमानिनॉवचा तिसरा वाजवला आणि पुढे चर्चा कशाची झाली? तिच्या आखूड नारिंगी ड्रेसची. बोटांवर चार ओळी, कपड्यांवर चार परिच्छेद. तिने त्या कॉन्चेर्टोच्या शेवटाकडे काय केलं ते सांगणारं परीक्षण शोधायला मला वेळ लागला.

याउलट ग्लेन गूल्ड. १९५६ च्या सुरुवातीला त्याचं बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'चं ध्वनिमुद्रण बाजारात आलं तेव्हा कोलंबिया कंपनीने प्रसिद्धीपत्रकच काढलं होतं: स्वतःची घडीची खुर्ची आणतो, टॉवेल आणतो, गोळ्यांच्या बाटल्या आणतो, पिण्याचं पाणी वेगळं आणतो. जमिनीपासून जेमतेम चौदा इंच उंचीची ती खुर्ची आज बाखइतकीच प्रसिद्ध आहे. वाजवताना तो गुणगुणायचा तेही अलौकिक. बाईचा ड्रेस म्हणजे लक्ष विचलित करणं आणि बुवाची खुर्ची म्हणजे प्रतिभा!

गूल्डचं ते ध्वनिमुद्रण मी वर्षानुवर्षं शिकवायला वापरते, आवाज किती स्वच्छ सुटा ठेवता येतो ते दाखवायला. त्याबद्दल दुमत नाही.

जुना_ग्रामोफोन

कहाणीपुढे न झुकलेला एक तरी समीक्षक सांगतो, म्हणजे धागा अगदीच निराश व्हायला नको. १९८३, टोकियो. पियानोवादक होरोविट्झ पहिल्यांदा जपानमध्ये. तिकीट ५०,००० येनपर्यंत, वर्तमानपत्रांत उदोउदो, 'शतकातला सर्वांत मोठा'. म्हातारा त्या दिवशी अतिशय वाईट वाजवून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्याच. पण हिदेकाझू योशिदा या ज्येष्ठ समीक्षकाने जाहीरपणे सांगितलं की ही मौल्यवान जुनी वस्तू आहे खरी, पण तिला तडा गेलाय. तेवढ्या गजरात हे बोलायला छाती लागते. होरोविट्झला ते लागलं असणार. १९८६ मध्ये तो परत टोकियोला गेला आणि चांगलं वाजवून आला.

मध्यलय

वा, काका! आणि ज्यांना हे सगळं आजकालचं मार्केटिंग वाटतं त्यांच्यासाठी: १८४४ मध्ये पॅरिसला जर्मन कवी हाइनेने 'लिस्टोमेनिया' (लिस्टचं वेड) हा शब्द काढला, तेव्हाच त्याने लिहून ठेवलंय की स्वतःच्या यशाची मांडामांड करण्यात लिस्टचा हात कुणी धरणार नाही. बेलोनी नावाचा त्याचा व्यवस्थापक होता, हाइने त्यालाही चिमटे काढतो. फ्लेक्स तेवढे नव्हते.

धैवत_कोमल

बोलून झालं, आता करून बघू. पुढच्या महिन्यात एका रविवारी माझ्याकडे सहकारनगरला बसू. शोपँचं एकच नॉक्टर्न, ओपस २७ मधलं दुसरं, पाच-सहा वादकांचं, नावं न सांगता. प्रत्येकाने कागदावर मत लिहायचं, मग नावं उघड करायची. मधेच एक ध्वनिमुद्रण मुद्दाम चुकीचं नाव सांगून लावायचा विचार आहे. हॅटोची छोटी आवृत्ती.

काळीपांढरी

चुकीचं नाव सांगणार असाल तर मी नाही येणार. कुणाला तरी तोंडावर पाडायला बोलावल्यासारखं होतं ते. नावं शेवटी सांगा, पुरे आहे.

आणि काही गोष्टी सांभाळा, नाहीतर प्रयोगाला अर्थ नाही. सगळ्यांच्या आवाजाची पातळी सारखी करून ठेवा, किंचित मोठं लागलेलं ध्वनिमुद्रण नेहमी 'जास्त जिवंत' वाटतं. जुन्या तबकड्यांवरची खरखर घेऊ नका, ती ऐकली की सगळे आपोआप आदराने बसतात. गेल्या तीसेक वर्षांतलीच निवडा.

मध्यलय

आणि क्रम! वर लिहिलं तेच. दोन गट करा, दुसऱ्या गटाला उलट्या क्रमाने ऐकवा. डांग थाय सॉन घ्याच, आणि एखादं आपल्यापैकी कुणी कधीच नाव न ऐकलेल्याचंही.

पेठेतला_पारवा

मी येतो. पण मत लिहिलेले कागद गोळा झाल्यावर 'माझा हा नव्हताच' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? पुणे आहे. सही घ्या प्रत्येकाची.

धैवत_कोमल

@काळीपांढरी, चुकीच्या नावाचा बेत रद्द. पातळी सारखी करायचं काम तुम्ही आणि मध्यलय मिळून कराल का? ध्वनिमुद्रणं मी निवडली तर मला नावं माहीत राहतील, म्हणून निवडही तुम्हीच करा, मी कागद घेऊन इतरांबरोबर बसतो. @पारवा, सही घेऊ. काका, दुसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, तुम्हाला जमणार नसेल तर सांगा, तळमजल्यावर कुणाचं घर मिळतंय का बघतो.

जुना_ग्रामोफोन

दोन मजले चढेन. स्पीकर मात्र माझे आणतो, तुमचे कसे आहेत माहीत नाहीत.